चोर, सूर्योदय आणि डर्क विलेम्स

बायबलच्या निर्गम या पुस्तकाच्या २२व्या अध्यायात घरफोड्या चोराला मारायची मुभा आहे, म्हणून ख्रिस्ती माणसाला स्वसंरक्षणासाठी जीव घ्यायचा हक्क आहे, असं काही जण म्हणतात. पण लगेच पुढचं वचन वाचा. रात्री घर फोडताना चोर मेला तर दोष नाही. सूर्य उगवल्यावर मारला तर मात्र रक्तपाताचा दोष लागतो. म्हणजे मोशेचं नियमशास्त्र चोराच्या जिवालाही मोल देतं. 'डोळ्याबद्दल डोळा' हाही मुळात सूडाला घातलेला लगाम. येशू त्याच वाटेवर फार पुढे गेला.

लूकच्या शुभवर्तमानाच्या २२व्या अध्यायात येशू शिष्यांना तलवार घ्यायला सांगतो, त्याचं म्हणाल, तर त्याच रात्री त्याला अटक होताना तलवार चालली तेव्हा येशूने थांबवलं आणि शत्रूचा कान बरा केला.

मला नेदरलंड्समधला अ‍ॅनाबॅप्टिस्ट (प्रौढपणीचाच बाप्तिस्मा मानणाऱ्या ख्रिस्ती पंथाचा) डर्क विलेम्स विसरता येत नाही. कैदेतून पळताना पाठलाग करणारा बर्फ फुटून पाण्यात पडला, तर हा मागे फिरला आणि त्याला बाहेर काढलं. पकडला गेला. १५६९ मध्ये त्याला जिवंत जाळलं.

दुसऱ्यावर हल्ला होत असेल तर काय, हा प्रश्न मलाही जड जातो. सुरुवातीच्या काळातला ख्रिस्ती धर्मपंडित ऑगस्टीन याने स्वतःच्या बचावासाठी मारणं मान्य केलं नाही, पण इतरांच्या रक्षणासाठी सैनिकाला मुभा दिली. तिथे मी अजून अडकलोय.