दुबईतली लग्नाची खरेदी: देरा, मीना बाजार की मॉल? सल्ला हवा

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. जानेवारीत आई-बाबांना घेऊन दुबईला जातेय. धाकटा भाऊ गेली काही वर्षं तिथेच करामा भागात राहतो, त्यामुळे हॉटेलचा प्रश्न नाही. मे महिन्यात त्याचं लग्न आहे, म्हणून आईची यादी लांबलचक आहे. होणाऱ्या सुनेसाठी सोन्याच्या बांगड्या, केशर, सुकामेवा, खजूर, मानपानाला कापड आणि बाबांच्या मित्रांसाठी अत्तर.

भावाचं म्हणणं, सगळं मॉलमध्ये घ्या, भाव ठरलेला असतो, फसवणूक नाही, उन्हातान्हात फिरणं नाही. आईला मात्र सोन्याचा जुना बाजार बघायचाच आहे. बाबांचे गुडघे दुखतात, फार चालवत नाही. कुठली वस्तू कुठे घ्यावी, भाव कसा करावा, टॅक्स परत मिळतो म्हणतात ते कसं, हे अनुभवी लोकांनी सांगावं. आणि तिकडचं सोनं खरंच स्वस्त पडतं का?

बरदुबईकर

ताई, भावाचंही बरोबर आणि आईंचंही. जी वस्तू हातात घेऊन, वास घेऊन, वजन करून घ्यायची ती देऱ्यात, म्हणजे खाडीपलीकडच्या जुन्या बाजारांत. जिची वॉरंटी लागते किंवा जी बदलून घ्यावी लागू शकते ती मॉलमध्ये. मोबाइल, घड्याळ, ब्रँडेड बूट यांसाठी बाजारात फिरूच नका. तिथे गल्लीत 'कॉपी वॉच, कॉपी बॅग' म्हणत मागे लागणारे भेटतात. त्यांच्याबरोबर कुठल्याही जिन्याने वर जायचं नाही. नकली माल विकणं तिथे गुन्हा आहे, म्हणूनच तो आत लपवून दाखवतात.

करामात राहणार आहात तर बर दुबई अगदी जवळ. आधी मीना बाजारात कापड बघा. कापडाचे जुने व्यापारी सिंधी आणि गुजराती, हिंदीत सगळं निभतं. तिथून पायी खाडीवर या आणि अब्रा पकडा. लाकडी होडी, माणशी १ दिरहम, पैसे होडीतच सुटे द्यायचे. काही मिनिटांत पलीकडे देरा. उतरलं की समोरच मसाल्याचा बाजार, पुढे थोडं चाललं की सोन्याचा. काकांना होडीत चढताना हात द्या, काठ आणि होडी यांत फट असते. परतताना टॅक्सी करा.

वेळ सांभाळा. जुन्या बाजारातली बरीच दुकानं दुपारी १ ते ४ बंद असतात, शुक्रवारी तर सकाळी जाऊच नका. संध्याकाळी ५ नंतर जा. मॉल सलग रात्री १० पर्यंत, शनिवार-रविवारी आणखी उशिरापर्यंत चालू.

हिशेबनीस

सोन्याबद्दल सविस्तर लिहितो, कारण यात पैसे जातात.

बाजारात दर फलकावर लिहिलेला असतो, २४, २२, २१ आणि १८ कॅरेटचा वेगवेगळा. तो दिवसातून दोन-तीनदा बदलतो आणि सगळ्या दुकानांत जवळपास एकच असतो. त्या दरावर घासाघीस करून काही मिळत नाही. भाव करायचा तो घडणावळीवर. तीच बांगडी एका दुकानात एका घडणावळीत, शेजारी दुसऱ्या. साध्या, यंत्रावर केलेल्या बांगड्यांना कमी आणि जाळीकाम किंवा खडे असतील तर जास्त. किमान तीन दुकानं फिरा. खड्यांचं वजन सोन्याच्या वजनातून वजा करायला सांगा. तुमच्यासमोर काट्यावर ठेवून निव्वळ वजन दाखवल्याशिवाय पुढे बोलू नका. बिलावर कॅरेट, वजन, त्या वेळचा दर आणि घडणावळ या चार गोष्टी वेगवेगळ्या लिहून घ्या. दागिन्यावर २२ कॅरेटचा ९१६ शिक्का भिंगाखाली बघा, दुकानदार आनंदाने दाखवतो.

स्वस्त पडतं का? पूर्वी फरक मोठा होता. २०२४ च्या जुलैत भारताने सोन्यावरचं आयात शुल्क १५ वरून ६ टक्क्यांवर आणलं आणि तफावत बरीच कमी झाली. त्यातून तिकडे दागिन्यावर ५ टक्के व्हॅट आहे, १ जानेवारी २०१८ पासून. म्हणजे केवळ स्वस्ताईसाठी तिकडे सोनं घ्यायचे दिवस आता राहिले नाहीत. नक्षी आवडली, निवड मोठी मिळाली, हे कारण असेल तर जरूर घ्या.

आता व्हॅट परतीचं. तो फक्त पर्यटकाला मिळतो, म्हणून बिल आईंच्या पासपोर्टवर करा, भावाच्या एमिरेट्स आयडीवर (तिथल्या रहिवाशाच्या ओळखपत्रावर) नको. एका बिलाची रक्कम किमान २५० दिरहम हवी आणि दुकान त्या योजनेत असायला हवं. आत शिरतानाच 'टॅक्स फ्री आहे का' विचारा. मॉलमधली बहुतेक दुकानं आणि सोन्याची मोठी दुकानं असतात, मसाल्याच्या टपरीवर मिळणार नाही. परतावा भरलेल्या व्हॅटच्या ८५ टक्के, त्यातून दर बिलामागे ४.८० दिरहम वजा. समजा १०,००० दिरहमच्या बांगड्या, त्यावर व्हॅट ५००. हाती येतात ४२०.२०. विमानतळावर सामान चेक-इन करण्याआधी नोंद करायची असते, तिथे माल दाखवायला सांगू शकतात. दागिने हातातल्या पिशवीत ठेवा.

गोदाकाठ

केवढं नीट लिहिलंत, धन्यवाद. मग बांगड्या आईने इकडे आणायच्या की भावाने मे महिन्यात येताना आणायच्या? कस्टमचं काय?

हिशेबनीस

हाच मुद्दा लोक विसरतात. भारतात दागिन्यांची जी शुल्कमाफी आहे, पुरुषाला २० ग्रॅम आणि स्त्रीला ४० ग्रॅम, ती वर्षाहून अधिक काळ परदेशात राहून परतणाऱ्याला. आठवड्याच्या सहलीवरून येणाऱ्या आईंना ती लागू नाही. त्यांनी आणलं तर विमानतळावर कस्टमच्या लाल मार्गाने (जाहीर करण्याजोगा माल असणाऱ्यांच्या रांगेने) जाऊन जाहीर करा आणि शुल्क लागेल हे धरून चला. भाऊ वर्षाहून जास्त तिथे राहतोय, त्यामुळे तो त्या सवलतीत बसू शकतो. पण भावाने आणायचं ठरलं तर व्हॅट परत मिळणार नाही, कारण परताव्यासाठी माल पर्यटकाबरोबरच देशाबाहेर जावा लागतो. दोन्ही फायदे एकाच बांगडीवर मिळत नाहीत. माझ्या हिशेबात २० ग्रॅमपर्यंत भावाने आणणं सरळ पडतं. सवलतीच्या अटी मधूनमधून बदलतात, तेव्हा येण्याआधी कस्टमच्या संकेतस्थळावर ताज्या बघाच.

आणखी एक. आई नाशिकहून निघताना अंगावर पाटल्या, मंगळसूत्र असं बरंच घालून जाणार असतील तर मुंबई विमानतळावर कस्टमकडून त्याचं एक्स्पोर्ट सर्टिफिकेट करून घ्या. परत येताना 'हे आमचंच' हे सिद्ध करत बसावं लागत नाही.

शारजाहची वहिनी

सगळ्यांशी सहमत, पण मसाल्याच्या बाजाराबद्दल माझं मत वेगळं आहे. समोरची, गोण्या उघड्या मांडून ठेवलेली दुकानं बघायला सुंदर. गुलाबकळ्या, वाळलेली काळी लिंबं, लोबान, सगळं एका रांगेत. फोटो काढा, वास घ्या. खरेदीला घाई करू नका. तिथले भाव पर्यटकांचे आहेत. माझ्याबरोबर एकदा असं झालं: केशराचा भाव विचारला, पिशवी बांधून झाली आणि मग कळलं की सांगितलेला आकडा निम्म्या वजनाचा होता. मी पिशवी तिथेच ठेवून बाहेर पडले. तेव्हापासून 'किती ग्रॅमचा भाव?' हे आधी विचारते आणि कॅल्क्युलेटरवर आकडा टाकून दाखवायला लावते.

केशराची परीक्षा तिथेच करा. इराणी चांगलं केशर म्हणजे लांब, गडद लाल, टोकाला किंचित रुंद झालेली काडी. दोन काड्या कोमट पाण्यात टाका. पाणी हळूहळू सोनेरी पिवळं होतं आणि काडी बराच वेळ लालच राहते. पाणी लगेच लाल झालं आणि काडी पांढरी पडली तर तो रंगवलेला माल. 'केशर' म्हणून करडईच्या पाकळ्याही खपवतात. आपल्याकडे करडई कोण ओळखत नाही? पाकळी चपटी आणि तुटकी असते, बघितलं की कळतं. दुकानदार पाणी आणायला कुरकुरला तर पुढचं दुकान.

बदाम, पिस्ते, वेलची मी सुपरमार्केटात घेते. करामाच्या लुलूमध्ये किंवा कारफूरमध्ये भाव लिहिलेला, पाकीट बंद, बिल हातात. खजूरही तिथे भरपूर प्रकारचे. भेट द्यायला मेजूल, घरी खायला सुक्करी. खलास इथल्या लोकांच्या आवडीचा. चव बघितल्याशिवाय किलोवारी घेऊ नका. आणि खजूर जड असतो, बॅगेचं वजन लक्षात ठेवा.

जाताना एक गोष्ट कृपा करून पाळा. आईंनी फराळ नेला तर अनारसे नेऊ नका, खसखस कुठल्याही रूपात नको. अमिरातीत खसखस बंदी असलेल्या पदार्थांत आहे, आणि शिक्षेचं प्रकरण होऊ शकतं. मसाल्याच्या डब्यातली पुडीसुद्धा काढून ठेवा.

अत्तरवेडा

अत्तरासाठी मात्र देऱ्याला पर्याय नाही. सोन्याच्या बाजाराला लागूनच सिक्कत अल खैल रस्त्यावर अत्तरवाल्यांची रांग आहे. तिथे अजून तोळ्यावर माल विकतात, १२ मिलीची कुपी म्हणजे साधारण तोळा, ३ मिली म्हणजे पाव तोळा. मित्रांना द्यायला पाव तोळ्याच्या कुप्या उत्तम.

उदाचं, म्हणजे अगरूच्या लाकडाचं, तेल घ्यायचं असेल तर घाई अजिबात नको. काचेच्या काडीने मनगटाच्या मागच्या बाजूला एक थेंब लावून घ्या आणि निघून जा. पहिल्या पाच मिनिटांत वास उग्र येतो, कातड्यासारखा, थोडा गोठ्यासारखाही. तेवढ्यावरून नाही म्हणू नका. अर्ध्या तासाने तो निवळतो, गोडसर होतो, आणि मग तो तुमच्या अंगावर कसा बसतो ते समजतं. तोवर बाकीची खरेदी करा. एका हातावर दोनपेक्षा जास्त वास लावू नका, सगळं गोंधळतं. अस्सल उद महाग असतो. कुणी 'प्युअर' म्हणून चणे-फुटाण्याच्या भावात देत असेल तर ते मिश्रण आहे. मिश्रणही वाईट नसतं, फक्त त्याला उदाचा भाव देऊ नका.

गुलाब, कस्तुरी, अंबर यांची मिश्रणं बाबांच्या मित्रांना आवडतील. आईंना घरात धुरासाठी बखूर घ्या. आपल्या धूपदाणीत कोळशावर चालतो, चिमूटभर पुरतो. कुप्या चेक-इन बॅगेत, झाकणावर चिकटपट्टी लावून, कपड्यांत गुंडाळून.

करामावाली

काकांच्या गुडघ्यांचं लिहिते, कारण त्यावर कुणी बोललं नाही. माझे सासरे दरवर्षी हिवाळ्यात येतात, त्यांचीही हीच तक्रार. दुबई मॉल आणि देरा एका दिवसात करू नका. दुबई मॉलच्या मेट्रो स्टेशनपासून मॉलपर्यंत लांबच लांब बंद पूल आहे. सरकते पट्टे आहेत, तरी माणूस थकतो. काकांना टॅक्सीने थेट दारात सोडा. २००८ ला उघडलेला हा मॉल इतका पसरलेला आहे की खरेदीसाठी मी सुचवणारच नाही. तिथे मत्स्यालयाची मोठी काच बाहेरून फुकट दिसते, संध्याकाळी कारंजं बघा आणि परत या.

कपडे, बूट, बॅगा घ्यायच्या असतील तर देरा सिटी सेंटर किंवा मॉल ऑफ द एमिरेट्स. दोन्हीकडे मेट्रोतून उतरलं की थेट मॉलमध्ये शिरता येतं. जानेवारीत शॉपिंग फेस्टिव्हल चालू असेल, १९९६ पासून भरतो. त्यात मॉलमधल्या कपड्यांवर मोठी सूट असते. सोन्याच्या बाजारात त्या सवलतीची फार अपेक्षा ठेवू नका, तिथे लकी ड्रॉची कुपनं मिळतात.

'सूक मदिनत जुमेरा' किंवा 'अल सीफ' ही नावं ऐकून जुना बाजार समजून जाऊ नका. दोन्ही नव्याने बांधलेले आहेत. खाडीकाठी अल सीफला संध्याकाळी बसायला फार छान वाटतं, काकांना आवडेल, पण खरेदी तिथे महाग.

बरदुबईकर

अनुमोदन. सोन्याच्या बाजाराला जाताना काकांना एक दिलासा: गल्लीला वरून लाकडी छत आहे, बसायला बाकं आहेत. त्यांना बाकावर बसवून आईंनी दुकानं फिरावीत. आणि जगातली सगळ्यात मोठी सोन्याची अंगठी तिथल्या एका दुकानाच्या काचेत ठेवलेली आहे, २१ कॅरेट, जवळपास ६४ किलो. तिच्यासमोर फोटो काढायला गर्दी असते.

गोदाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. आईला वाचून दाखवलं. बांगड्या पसंत आई करणार, भावाच्या नावाने घेणार आणि मे महिन्यात तो आणणार, एवढं पक्कं. खसखशीचं खरंच माहीत नव्हतं, अनारशांचा बेत रद्द. आता एकच राहिलं. बाबा मूळ मालवणचे. ते विचारतायत की तिथे ताजी सुरमई मिळते का आणि भावाच्या घरी करता येईल का.

करामावाली

मिळते! देऱ्याला वॉटरफ्रंट मार्केट आहे, जुना मासळी बाजार २०१७ मध्ये तिथे हलवला. एसी, स्वच्छ, सपाट जमीन, काकांना चालायला सोपं. सकाळी लवकर जा. सुरमईला तिथे किंगफिश किंवा कनाद म्हणतात. हामूर आणि कोळंबीही बघा. मासळीवाल्याशी भाव करायचा, पहिल्या आकड्यावर थांबायचं नाही. घेतलेला मासा कापून द्यायला पलीकडे वेगळा विभाग आहे, किलोमागे थोडे पैसे घेतात. 'करीसाठी' की 'फ्रायसाठी' तेवढं आधी सांगा, नाहीतर तुकडे जाड पडतात. कोकम मात्र घरून घेऊन या.