इंट('१२३'): पायथनने देवनागरी अंक चालवून घ्यावेत का?

शून्याधारित: पायथन या प्रोग्रामिंग भाषेत मजकुराचा पूर्णांक करणाऱ्या इंट() ला '१२३' ही स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, दिली की मुकाट एकशे तेवीस हा पूर्णांक मिळतो. जावाचं पार्सइंटही तसंच. जावास्क्रिप्टचं नंबर() मात्र नॅन, म्हणजे 'ही संख्या नाही', देऊन मोकळं. माझ्या मते पायथनचं बरोबर. मराठी कीबोर्डवरून वय टाइप केलं म्हणून 'अवैध संख्या' सुनावणारा फॉर्म उद्धट आहे.

टंकमुंगी: देवनागरी घ्या की, कोण नाही म्हणतंय? पण इंट() च्या भरवशावर नको. ते युनिकोडमधल्या सगळ्या लिप्यांचे दशमान अंक घेतं, एकाच स्ट्रिंगमध्ये मिसळलेले असले तरी. बंगाली चार दिसायला इंग्रजी आठासारखा असतो. बिलावर ऐंशी दिसतील आणि हिशेबात चाळीस धरले जातील.

शून्याधारित: मराठी फॉर्मवर बंगाली चार कोण टाइप करायला बसलंय?

टंकमुंगी: चुकून कोणी नाही. ज्याला चाळीसच द्यायचेत तो बसेल.

क्वेरीबाई: माझ्या टेबलावर येणारा घोळ याच्या पुढचा आहे. ट्रायमध्ये, म्हणजे एरर झेलणाऱ्या कोडात, इंट(वय) करतात, एरर आली नाही म्हणजे तपासलं असं धरतात, आणि डेटाबेसला मूळ स्ट्रिंगच पाठवतात. पोस्टग्रेस हा डेटाबेस '१२' ला पूर्णांक मानत नाही, तिथे निदान बोंब तरी होते. रकाना मजकुराचा असला की तीही नाही. एकाच माणसाचा मोबाइल दोन लिप्यांत दोनदा बसतो आणि युनिकची, म्हणजे एक मूल्य एकदाच, ही अट गप्प. इंट() ने परत दिलेलं मूल्य वापरा ना!

शून्याधारित: मोबाइल नंबर इंट करायचा? कोणी पुढे शून्य लावलं असेल तर ते जाईल, अधिकचं चिन्हही.

क्वेरीबाई: मोबाइल इंट करा असं कुठे म्हटलं? ज्याची बेरीज करत नाही ते मजकूरच राहू द्या. फक्त साठवण्याआधी अंक एका लिपीत आणा.

टंकमुंगी: आणि स्ट्रिंगमध्ये सगळे अंकच आहेत का ते तपासायला इझडिजिट() नको. वर्ग दाखवायला संख्येच्या डोक्यावर लिहितात तो छोटा दोन (²) त्याला चालतो, इंट() ला चालत नाही, व्हॅल्यूएरर. इझडेसिमल() वापरा. मी तर दहा देवनागरी अंकांचा ट्रान्सलेट तक्ता, म्हणजे कोणत्या अंकाऐवजी कोणता याची यादी, ठेवतो, बाकी सगळं परत.

शून्याधारित: उद्या गुजराती गिऱ्हाईक आलं की तक्ता वाढवत बसा. मी इंट() च ठेवणार. फार तर एका संख्येत एकच लिपी, एवढी अट घालतो.

टंकमुंगी: बंगाली शून्यही गोलच असतं. ते चाळीस तुमच्या अटीतून सुखरूप पार.