चवथीचे फॅमिली फोटो आणि घराघरातले जुने अल्बम, हे काम मनापासून करून धंदा कसा टिकवायचा?

कॅमेरावाली_फोंडा:
नमस्कार मंडळी. मी गोव्यात फोंडा तालुक्यात फॅमिली फोटोग्राफी करते. लग्नाच्या ऑर्डरी जवळजवळ घेतच नाही, मुख्य काम म्हणजे चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, मूळ घरी जमलेल्या सगळ्या कुटुंबाचा फोटो, शिवाय बारसं, मुंज, आजोबांची पंचाहत्तरी असलं. नवरा एडिटिंग बघतो, सासूबाई अल्बम तपासायला बसतात, म्हणजे धंदा अगदी घरचाच. काम मला फार आवडतं आणि सोडायचं तर अजिबात नाहीये पण दोन-तीन ठिकाणी अडकलेय, अनुभवी लोकांनी सांगा.

पहिलं म्हणजे लोक सरळ सांगतात की मोबाइलवर निघतो की फोटो. जे काढून घेतात ते पण पेनड्राइव्हवर द्या म्हणतात, प्रिंट नको, आणि पुढच्या चवथीला विचारलं तर तो पेनड्राइव्ह कुठल्या खणात पडलाय हे घरात एकालाही माहीत नसतं.

दुसरं, जुने फोटो. आमचा ग्रुप फोटो झाला की हमखास कोणीतरी आतल्या खोलीतून पत्र्याची पेटी नाहीतर बिस्किटाचा डबा घेऊन येतं. त्यात पोर्तुगीज अमदानीतले पुठ्ठ्यावर चिकटवलेले, कातरलेल्या कडांचे छोटे ब्लॅक अँड व्हाइट, मग पुढचे कलर जे आता सगळे लालसर पडलेत. "हे पण जरा करून दे गो." गेल्या चवथीला बांदोड्याच्या एका घरात असाच एक लग्नाचा मोठा ग्रुप निघाला आणि घरच्या आजी एकेका चेहऱ्यावर बोट ठेवून सांगायला लागल्या, ही माझी धाकटी आते, ही बाळंतपणात गेली, हा आफ्रिकेला गेला तो परत आलाच नाही. बाकी घरात कोणालाही त्यातलं एक नाव सांगता येत नव्हतं. फोटोच्या मागची बाजू कोरी. तेव्हापासून डोक्यात हेच आहे की हे काम नीट, पद्धतशीर घ्यावं, पण करायचं कसं आणि पैसे कसे लावायचे?

आणि तिसरं जरा नाजूक आहे. मयत झालेल्या घरून रात्री फोन येतो, बाराव्याला फ्रेम हवी, फोटो कुठलाच धड नाही, एखाद्या लग्नाच्या गर्दीतून चेहरा काढून द्या. अशा वेळी पैसे मागायला जीभ रेटत नाही.

म्हापसा_जुना_स्टुडिओ:
ताई, वडिलांच्या काळापासून स्टुडिओ आहे आमचा, त्यामुळे जे बघितलंय ते सांगतो.

पेनड्राइव्ह देणं बंद नका करू पण नुसता पेनड्राइव्ह विकायचाच नाही. तुमच्या रेटमध्येच एक मोठी प्रिंट धरा, बारा बाय अठराची, फ्रेमसकट, ती मूळ घरच्या भिंतीसाठी, आणि प्रत्येक भावाच्या बिऱ्हाडाला एकेक छोटी. चार भाऊ असतील तर खर्च चौघांत वाटला जातो आणि कोणाला जड होत नाही. फ्रेम भिंतीवर लागली की पुढच्या वर्षी घरचेच फोन करतात कारण तोवर घरात नवीन सून आलेली असते, एखादं बाळ झालेलं असतं, भिंतीवरच्या फोटोत ते नाहीत हे रोज दिसतं. जागा आणि बसायचा क्रम दरवर्षी तोच ठेवा. पाच-सहा वर्षांचे फोटो ओळीने लावले की जी पोरं मांडीवर होती ती मागच्या रांगेत उभी दिसतात, हे मोबाइलवाल्याला जमत नाही कारण फोटो काढणारा त्यात कधीच नसतो आणि दरवर्षी कोणीतरी आत चहा करायला गेलेलं असतं.

फोटो आरतीच्या आधी घ्या, जेवणानंतर नको. जेवण झालं की म्हातारी माणसं कलंडतात, पुरुष पत्त्यांना बसतात, बायकांच्या साड्या चुरगळतात. गणपतीच्या खोलीत सगळ्यांना कोंबू नका. वर माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगलेली लाकडी चौकट, तिला नारळ, सुपारीचे घोस, कवंडळाची रानफळं लटकलेली, खिडकी एवढीशी आणि वर कौलं, फ्लॅशचा उजेड वर मारून परतवायला पांढरं छतच नाही, सरळ मारला तर समया आणि मूर्तीचा रंग चमकतो. तिथे फक्त घरच्या वडीलधाऱ्यांचा एक फोटो ट्रायपॉडवर, समईच्या उजेडासकट. बाकी सगळे राजांगणात, म्हणजे घराच्या मधल्या चौकात, तुळशीसमोर. भाद्रपदात आभाळ भरलेलं असतं त्यामुळे उजेड इतका मऊ मिळतो की वेगळी लाइट लागत नाही.

वर्षभराचं म्हणाल तर तुळशीचं लग्न, गावची जत्रा, शिगमो, आणि मे महिना, या चार वेळा मुंबई-पुण्याची मंडळी घरी येतातच, आधीच विचारून ठेवायचं.

बाराव्याच्या फ्रेमबद्दल आमच्या वडिलांचा नियम होता तोच मी चालवतो. काम त्याच रात्री, दर नेहमीचाच, अर्जंट म्हणून एक रुपया जास्त नाही, आणि पैशाचा विषय आपण काढायचा नाही. बारावा आटोपला की घरातलं कोणीतरी येऊन देऊन जातं. पण ताई, यावर खरा उपाय आधी करायचा. प्रत्येक चवथीला ग्रुप झाला की घरातल्या साठीच्या पुढच्या प्रत्येकाचा एकेक वेगळा फोटो घ्याच, खिडकीजवळ बसवून, दोन मिनिटांचं काम. नंतर तो फोटो त्या घराला किती मोलाचा होतो ते मी शब्दांत नाही सांगू शकत.

मूळगाव_कुर्डी:
मी फोटोग्राफर नाही, गिऱ्हाईक म्हणून लिहितोय.

आमचं मूळ घर सांगे तालुक्यात कुर्डीला. साळावली धरणात गाव गेलं, आमच्या घरच्यांना वाडें गावात वसवलं. मे महिन्यात पाणी उतरलं की गाव वर येतं, घरांची जोती दिसतात, तुळशीवृंदावनं दिसतात, सोमेश्वराच्या देवळाकडे सगळे जुने कुर्डीवाले जमतात. घराचा वेगळा असा फोटो कोणी काढलाच नव्हता, कॅमेरा होता कोणाकडे तेव्हा. फक्त आत्याच्या लग्नाचा एक फोटो होता, नवरानवरी दारात उभी. एका फोटोग्राफरने तो मोठ्या रिझोल्यूशनने स्कॅन केला आणि नवरानवरीऐवजी मागचा भाग मोठा करून दाखवला, तर त्यात पडवीचा खांब, सोप्यावर ठेवलेली घागर आणि दाराच्या चौकटीवरचं कोरीव काम. वडिलांनी तो कागद हातात घेतला आणि ही चौकट कोणी केली, लाकूड कुठून आणलं, सगळं सांगत बसले. आम्ही हे आधी कधीच ऐकलं नव्हतं.

म्हणून एकच विनंती, जुना फोटो स्कॅन करताना चेहरे "छान दिसावे" म्हणून बाजूचं कापू नका. पूर्ण फोटो, कडेच्या पांढऱ्या पट्टीसकट, आणि मागची बाजू पण स्कॅन करा, स्टुडिओचा शिक्का नाहीतर पेन्सिलीने लिहिलेली तारीख असते मागे.

गेल्या मे महिन्यात आम्ही सगळे त्याच जोत्यावर उभं राहून फोटो काढला, वडिलांना खुर्ची नेली होती. असं काम कोणी करत असेल तर कुर्डीची कितीतरी कुटुंबं हौसेने बोलावतील.

कागदपत्र_पणजी:
मी जुन्या कागदांच्या जतनाचं काम करते त्यामुळे डब्यातल्या फोटोंबद्दल थोडं विस्ताराने लिहिते, कंटाळू नका.

आपल्याकडे खरा शत्रू दमट हवा. ब्लॅक अँड व्हाइट फोटोवर जिलेटिनचा थर असतो आणि बुरशीला तो फार आवडतो, हवेत ६५ टक्क्यांच्या वर ओल राहिली की बुरशी धरायला लागते आणि गोव्याचा पावसाळा तर कित्येक दिवस नव्वदीच्या आसपास. त्यामुळे फोटोंचा डबा चिऱ्याच्या बाहेरच्या भिंतीला टेकून किंवा जमिनीवर कधीच ठेवायला सांगू नका. घराच्या मधल्या खोलीत, कपाटाच्या मधल्या कप्प्यात, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल, म्हणजे ओल शोषणारे दाणे, घालून. जेल दर महिन्याला बघायचं, रंग बदलला की तापवून परत वापरता येतं. डांबरगोळ्या नकोत, त्यांचा वास फोटोला आणि प्लास्टिकला त्रास देतो.

ऐंशीच्या दशकात चिकट पानांचे, वर प्लास्टिक असलेले अल्बम सगळ्यांनी घेतले, त्या गोंदाने फोटो पिवळे पडतात. ओढून काढू नका, फाटतात. दात साफ करायचा बारीक फ्लॉस येतो ना, बिनमेणाचा, तो फोटोच्या मागून हळूहळू सरकवत न्यायचा. आणि फ्रेमच्या काचेला चिकटून बसलेला फोटो असेल तर सोडवायच्या भानगडीत न पडता काचेसकटच स्कॅन करा.

लाल पडलेले कलर फोटो म्हणजे त्यातला निळसर रंग आधी उडालेला असतो, बंद अल्बममध्ये अंधारात ठेवले तरी तो उडतच राहतो. म्हणून रांग लावायची तर कलर आधी, ब्लॅक अँड व्हाइट नंतर, ते तुलनेने टिकाऊ. निगेटिव्हच्या पाकिटाला व्हिनेगरसारखा आंबट वास येत असेल तर ती फिल्म सडायला लागलीय, ती बाकीच्यांपासून लगेच वेगळी करा आणि सगळ्यात आधी स्कॅन करा.

स्कॅन करताना साधी चार बाय सहाची प्रिंट ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके) पुरते, पासपोर्टएवढे छोटे फोटो १२००, निगेटिव्ह ३००० च्या वर. मूळ स्कॅन टिफ या मोठ्या फाइलमध्ये ठेवा, घरच्यांना जेपेग ही छोटी फाइल द्या. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या गावी, म्हणजे बेळगावच्या मामाकडे एक हार्ड डिस्क. नुसत्या गूगलच्या भरवशावर नको. १ जून २०२१ पासून तिथे फुकट जागा १५ जीबीचीच, आणि खातं दोन वर्षं कोणी उघडलंच नाही तर गूगल ते काढून टाकू शकतं. आजोबा गेले, त्यांचा फोन कपाटात गेला, दोन वर्षांनी त्यातले फोटोही गेले असं होऊ शकतं. व्हॉट्सॅपवर पाठवायचे तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर ते दाबून छोटे होतात.

आता नावं. ताई, तुम्ही त्या आजींचं लिहिलंत तेच सगळ्यात महत्त्वाचं काम आहे आणि पैसेही त्याचेच घ्या, निःसंकोच. फोटो मोठा करून टेबलावर ठेवा, मोबाइलचं रेकॉर्डिंग चालू करा आणि आजींना बोलू द्या, मध्ये प्रश्न कमी. बायकांची दोन्ही नावं लिहा, माहेरचं आणि सासरचं, कारण लग्नात नाव बदलायचं आणि माहेरच्या घरातल्या फोटोत ती एका नावाने ओळखली जाते, सासरच्या फोटोत दुसऱ्या, दोन पिढ्यांनी घरच्यांना वाटतं या दोन वेगळ्या बायका. मूळ फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने, कडेला, दाब न देता. प्लास्टिकसारख्या गुळगुळीत कागदावर पेन्सिल उमटत नाही, तिथे फोटोसाठीचं पिगमेंट शाईचं पेन. बॉलपेन अजिबात नको, पुढून वळ उठतो.

सेरेंडिपिटी आर्ट्स फाउंडेशनचा गोवा फॅमिलिया म्हणून प्रकल्प आहे, २०१९ मध्ये सुरू झाला, गोव्यातल्या घरांतले फोटो आणि त्यामागच्या गोष्टी गोळा करण्याचा. तो बघा, फोटोबरोबर घरच्यांचं बोलणं कसं मांडतात ते कळेल.

वकीलबाई_मडगाव:
थोडक्यात एक मुद्दा. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १७ प्रमाणे कोणी पैसे देऊन फोटो काढून घेतला आणि वेगळा करार नसेल तर कॉपीराइटचा पहिला मालक तो गिऱ्हाईक असतो. त्यामुळे इन्स्टावर टाकायच्या आधी लेखी परवानगी घ्या, एका पानाचा मराठी फॉर्म पुरे. लहान मुलांचे आणि मयत माणसांचे फोटो जाहिरातीत वापरायचे असतील तर घरच्यांना वेगळं विचारा.

कॅमेरावाली_फोंडा:
सगळ्यांचे मनापासून आभार, देव बरें करूं. साठीच्या पुढच्यांचा वेगळा फोटो या चवथीपासून नक्की, त्याचे वेगळे पैसे लावणार नाही. आणि नावं लिहून घेणं, रेकॉर्डिंग, स्कॅन, डबा, सगळं मिळून एक पॅकेज करते, त्याचे मात्र व्यवस्थित पैसे घेईन, आता मनात शंका नाही. कुर्डीवाले दादा, मे महिन्यात मी यायला तयार आहे, मेसेज करते तुम्हाला.

अजून एक विचारायचं राहिलं. हल्ली गिऱ्हाईक स्वतःच एआयने फोटो साफ करून आणतात आणि म्हणतात यावरून फ्रेम करा. तुम्ही करता का?

म्हापसा_जुना_स्टुडिओ:
डाग, चरे, घडीची रेघ काढायला वापरतो. चेहऱ्याला हात लावत नाही. धूसर चेहरा दिला की ते मशीन आपल्या मनाने डोळे, दात बसवतं, फोटो चकचकीत येतो पण माणूस दुसराच. एका गिऱ्हाइकाने आणलेल्या फोटोत आजीचं आडवं कुंकू पुसून गोल टिकली झाली होती, बुगडीच्या जागी नुसता ठिपका, आणि नातवाने आजीला बघितलेलंच नाही त्यामुळे त्याला काही खटकलंही नाही. मूळ प्रिंट मागवली, त्यावरूनच फ्रेम केली, थोडी धूसर आली, पण त्याच्या आईने ओळखली लगेच. तुम्ही पॅकेजच्या फॉर्ममध्येच लिहून टाका की मूळ स्कॅन न बदलता मिळेल आणि साफ केलेली प्रत वेगळी, तिच्या नावात "दुरुस्त" असं लिहून.

आणि चवथीचं बुकिंग श्रावणातच घ्या, थोडा अ‍ॅडव्हान्स घेऊन. पहिल्या दिवशी तीनपेक्षा जास्त घरं घेऊ नका, एका घरातून दुसऱ्या घरात जायला पावसात वेळ लागतो आणि कोणीच फराळ केल्याशिवाय सोडत नाही.