मैत्रिणीवर मल्टिमीडिया डॉक्युमेंटरी करतेय (हमरापूर, गणपतीची आखणी), मदत हवी आहे

खारवेल

नमस्कार मंडळी. मी पुण्यात मास कम्युनिकेशनच्या शेवटच्या वर्षाला आहे. फायनल प्रोजेक्ट म्हणजे एकाच माणसाचं मल्टिमीडिया प्रोफाइल करायचं, साधारण आठ मिनिटांचा व्हिडिओ, सोबत फोटो, ऑडिओ आणि मजकूर, सगळं एका वेबपेजवर. मी माझ्या शाळेपासूनच्या मैत्रिणीवर करतेय. ती पेणजवळ हमरापूरला गणपतीच्या कारखान्यात आखणी करते, म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवते. बॉडी कलर, शेडिंग, पीतांबर सगळं झालं की मूर्ती शेवटी तिच्याकडे येते आणि भुवई, पापणी, बुबुळ हे सगळं तिच्या हातचं. नगावर पैसे मिळतात.

अडचणी अशा की कॅमेरा लावला की ती एकदम वक्तृत्व स्पर्धेत उभी राहिल्यासारखी बोलायला लागते, "मला या कलेची लहानपणापासून आवड आहे" वगैरे, आणि कॅमेरा बंद केला की चहा पिता पिता इतकं भारी बोलते की मी नुसती हळहळत बसते. दुसरं म्हणजे कारखान्यात कंप्रेसरचा आवाज, वर पत्रा, पाऊस आला की काहीच ऐकू येत नाही, आणि ट्यूबलाइटखाली मोबाइलवर शूट केलं तर फुटेजमध्ये काळे पट्टे सरकताना दिसतात.

पण खरा प्रश्न तिसराच आहे. एका संध्याकाळी नुसता ऑडिओ चालू होता तेव्हा ती बोलून गेली की या सीझननंतर तिला हे काम सोडायचंय, नर्सिंगला ॲडमिशन घ्यायचीय, आणि मालक आखणीचे पैसे किती थकवतो तेही बोलली. घरी यातलं काहीच माहीत नाही. मी विचारलं वापरू का, तर म्हणाली "टाक गं, कोण बघतंय". आमचे सर म्हणतात हाच तुझ्या फिल्मचा जीव आहे, हे काढलंस तर राहिलं काय. मला झोप लागत नाहीये. काय करू?

संकलक

आधी सोप्या गोष्टी. पट्टे येतात कारण आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, ट्यूब सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होते आणि मोबाइल बाय डिफॉल्ट ३० फ्रेमवर असतो. मॅन्युअल कंट्रोल देणारं एखादं ॲप घे, २५ फ्रेम ठेव, शटर १/५० किंवा १/१०० कर, पट्टे जातील. आणि व्हाइट बॅलन्स, एक्स्पोजर दोन्ही लॉक कर, नाहीतर पिवळा पीतांबर नि सोनेरी मुकुट फ्रेममध्ये आला की मोबाइल दर शॉटला रंग बदलत बसेल, नंतर एडिटला रडायची पाळी येते.

आवाजासाठी कारखान्यात मुलाखत घेऊच नकोस. तिथला आवाज तिथला म्हणून वेगळा रेकॉर्ड कर, कंप्रेसर सुरू होताना, बंद होताना, पत्र्यावरचा पाऊस, पॉलिश पेपर घासल्याचा आवाज, प्रत्येक निदान एक मिनिट, मध्ये कुणी बोलायचं नाही. कारखान्यात रेडिओ चालू असेल तर तेवढा वेळ बंद करायला सांग, गाणं मागे आलं की अपलोड केल्यावर कॉपीराइटचा क्लेम येतो. आरतीचं पण तेच, आरती कितीही जुनी असली तरी रेकॉर्डिंग कुणाच्या तरी मालकीचं असतं. तिला घरात बसव, खोलीत गाद्या-चादरी असल्या तर उत्तम, फॅन बंद, कॉलर माइक लावलेला मोबाइल फ्लाइट मोडवर तिच्या खिशात, आणि कॅमेरा आणूच नकोस. तुला जे चहा पिताना मिळतं ते असंच मिळेल. "तुला आवड कशी लागली" असले प्रश्न विचारलेस तर वक्तृत्वच येणार, त्यापेक्षा "काल शेवटची मूर्ती किती वाजता झाली, तेव्हा हाताचं काय झालं होतं" असं विचार.

कोवळं_ऊन

मस्त विषय आहे गं. मी तीन-चार वर्षं विद्यार्थ्यांचे असे प्रोजेक्ट तपासतेय, त्यात एक गोष्ट हमखास दिसते, व्हिडिओत जे सांगितलं तेच मजकुरात आणि तेच फोटोखाली. वाचणारा कंटाळतो आणि बरोबरच आहे त्याचं. प्रत्येक माध्यमाला त्याचं त्याचं काम दे. ब्रश टेकायच्या आधी ती श्वास धरते का, मनगट कशावर टेकवते, दोन डोळे सारखे आलेत हे कुठून बघते, समोरून की खालून, हे फक्त व्हिडिओत दिसू शकतं, तिथे तिचा आवाजसुद्धा नको, एक अख्खा डोळा सुरुवातीपासून शेवटपर्यंत न कापता दाखव. फळीवर रांगेने ठेवलेल्या, डोळे नसलेल्या मूर्ती हा फोटो. नगाचा भाव, सीझनमधले तास, घरातली माणसं, हे मजकुरात. आणि तिचं मन आवाजात.

तिसऱ्या प्रश्नावर माझं मत सरांच्या बाजूचं आहे. नुसती कला-कला करून गोड प्रोफाइल करणं हा तिच्यावर अन्याय आहे. एवढं कौशल्य असलेली मुलगी हे काम सोडायला बघते याचं कारण लोकांना कळलं पाहिजे. ती सज्ञान आहे, हो म्हणाली आहे.

हमरापूरकर

मी त्याच भागातला, आमच्या घरचा छोटा कारखाना होता. ताई, तुमचं म्हणणं पटतं पण इथे जरा थांबा. हमरापूर, जोहे, कळवे, तांबडशेत, या पट्ट्यात दर दोन घरांनंतर कारखाना आहे आणि सगळे एकमेकांना ओळखतात. कारखान्याचं नाव नाही दिलं तरी मागचा दरवाजा, साच्यांची मांडणी बघून लोक सांगतील कुणाचा आहे. फिल्म पुण्यात दाखवली तरी दुसऱ्या दिवशी लिंक इथल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर असणार. सीझन संपायच्या आत मालकाला कळलं तर तिचे राहिलेले पैसे कोण काढून देणार, तुम्ही की तिचे सर? आणि घरच्यांना नर्सिंगचं लिंकवरून कळणं हे वेगळंच. ती "कोण बघतंय" म्हणाली ना, म्हणजे कुणी बघणार नाही असं धरून ती हो म्हणाली. तो होकार मी धरणार नाही.

बाकी खारवेल, तिला २०२५ च्या सीझनबद्दल नक्की विचार. पीओपीच्या मूर्तींवर बंदी घालणारी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची नियमावली २०२० ची, तेव्हापासून टांगती तलवार होतीच, पण २०२५ ला जून उजाडेपर्यंत मूर्ती करायच्या की नाही हेच कळत नव्हतं. जूनमध्ये मुंबई हायकोर्टाने पीओपीच्या मूर्ती बनवायला आणि विकायला परवानगी दिली, विसर्जनाचा प्रश्न मात्र तेव्हा तसाच लोंबकळत राहिला. मालकाचं नुकसान पेपरात आलं, नगावर काम करणाऱ्यांचं कुणी लिहिलं नाही. मूर्ती कमी तर डोळे कमी, हिशोब सरळ आहे. काम का सोडावंसं वाटतं याचं उत्तर तिथेही सापडेल, आणि ते बोलायला कुणाला भ्यायचं कारण नाही.

संकलक

हमरापूरकरांशी शंभर टक्के सहमत. खारवेल, तू असं कर, पूर्ण कट तयार झाला की तिला एकटीला बसवून दाखव, मोबाइलवर नाही, लॅपटॉपवर, हेडफोन लावून. बघताना तिच्याशी बोलू नकोस. मग विचार की हे मालकाने बघितलं तर चालेल का, आईने बघितलं तर चालेल का, काकाने बघितलं तर चालेल का, एकेक माणूस घेऊन विचार. "चालेल ना?" असं विचारू नकोस, मैत्रीत तो होच येतो. आणि सबमिट करायच्या आधी कधीही नको म्हणाली तर काढायचं, हे आत्ताच तिला सांगून ठेव. कॉलेजला विचार की पेज पासवर्डच्या मागे ठेवता येतं का, बऱ्याच ठिकाणी परीक्षकांपुरतं चालतं. पब्लिक करायचं ते सीझननंतर बघा.

सरांना म्हणावं फिल्मचा जीव त्या एका वाक्यात नाहीये. दिवसभर दुसऱ्यांच्या देवांना डोळे देऊन घरी जाताना एसटीत तिचे स्वतःचे डोळे चुरचुरतात, हे दाखवलंस तर थकलेल्या पैशांचं नाव न घेताही बघणाऱ्याला सगळं समजेल.

कोवळं_ऊन

हमरापूरकर, लिंक गावात फिरण्याचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता, पटला. मालकाचा भाग काढावा. पण नर्सिंगचं पूर्ण सोडू नकोस खारवेल, सीझन संपल्यावर ती घरी सांगणार असेल तर तेव्हा पेजवर एक छोटा ऑडिओ नंतर जोडता येईल. वेबपेजचा फायदाच तो आहे, छापून झालं की संपलं असं नाही.

खारवेल

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री तिच्याशी फोनवर बोलले, एकेक माणूस घेऊन विचारलं. मालकापर्यंत आले तेव्हा हसली, काकापर्यंत आले तेव्हा गप्प झाली आणि म्हणाली "काकाला नको". कट दाखवेन तेव्हा परत विचारणारच आहे, पण पैशांचा भाग आत्ताच काढतेय, सरांना मी समजावते, मार्क गेले तर गेले. नर्सिंगचं ती आधी आईला सांगणार आहे, मगच पुढचं. २०२५ बद्दल विचारलं तर तासभर बोलत होती, फोन रेकॉर्ड केला नाही, ते परत घरी बसून घेणार.

शनिवारी हमरापूरला जातेय. कॉलर माइक कॉलेजचा मिळत नाहीये, पेण-पनवेल भागात कुणाकडे दोन दिवसांसाठी मिळेल का?

हमरापूरकर

माझ्या भाच्याकडे आहे, वायरवाला, चालतो व्यवस्थित. शनिवारी सकाळी पेण स्टँडवर देतो. व्यनि (खासगी मेसेज) कर.