कोकणात वेळासला दोन रात्री, लाईटचा भरवसा नाही. सीपॅप कसं चालवू?

प्रश्न: बाबांना स्लीप अॅप्निया आहे, म्हणजे झोपेत श्वास अडतो; म्हणून रात्री मास्कमधून दाबाने हवा देणारं सीपॅप मशीन लागतं. मार्चमध्ये कासवांची पिल्लं समुद्रात जाताना बघायला त्यांना वेळासला नेतोय, त्यांची फार इच्छा आहे. मुक्काम घरगुती, इन्व्हर्टर नाही. मशीन बंद पडलं की ते गुदमरून उठतात, बघवत नाही. काय नेऊ?

दापोलीकर: आधी अडॅप्टरवरचं आउटपुट वाचा, 12 व्होल्ट की 24. 24 असेल तर बॅटरीचे 12 व्होल्ट थेट 24 करणारा त्याच मशीनचा डीसी कन्व्हर्टर घ्या. इन्व्हर्टर लावलात तर 12 चे 230 आणि परत 24 करण्यातच बरीच वीज जाते. ह्युमिडिफायर (हवा ओलसर करणारा भाग) आणि गरम नळी बंद, खरी खादाड तीच. आपल्याकडची हवा एवढी दमट, माझ्या आईचा घसा त्याविना कधी कोरडा पडला नाही. 12 व्होल्ट 30 अॅम्पिअर-तासांची लिथियम बॅटरी म्हणजे 360 वॉट-तास. मशीन सरासरी 20 वॉट घेत असेल तर आठ तासांना 160. दोन रात्री निघतात. पण आधी घरी एक रात्र बॅटरीवर चालवून बघाच!

गुहागरहून: गाडीच्या बॅटरीवर रात्रभर अजिबात नको, सकाळी गाडी उठणार नाही.

प्रश्नकर्ता: बघितलं, 24 आहे. ह्युमिडिफायरचं डॉक्टरांना विचारतो आणि कन्व्हर्टर आजच मागवतो. मनापासून आभार.