दुकान नंबर ४ मधला दवाखाना, आपण काय काय विचारायचं

सेक्रेटरी: नमस्कार. आज सकाळी कचरा वेगळा करताना आपल्या सफाईच्या मावशींच्या बोटात सुई घुसली. सिरिंजसकट सुई होती, काळ्या पिशवीत, भाजीच्या देठांमध्ये. दुकान नंबर ४ मधल्या दवाखान्याची असणार असं वॉचमन म्हणतोय पण मी स्वतः बघितलेलं नाही. बी-४०२ च्या ताई मावशींना घेऊन सरकारी हॉस्पिटलला गेल्यात.

सी-५०३: अरे देवा. कशा आहेत आता?

बी-४०२: आत्ताच परत आलो. बऱ्या आहेत, घाबरल्यात खूप. साबण लावून नळाच्या धारेखाली बोट धुतलं आणि तशाच रिक्षात बसवलं, बोट पिळून रक्त काढायचं नसतं हे सगळ्यांनी लक्षात ठेवा, आज वॉचमन तेच करत होता. एचआयव्ही होऊ नये म्हणूनच्या गोळ्या जेवढ्या लवकर तेवढ्या चांगल्या, शक्यतो २ तासांत, आणि ७२ तासांच्या आत सुरू व्हायलाच हव्यात. हिपॅटायटिस बी ची लस त्यांनी आयुष्यात घेतलेली नव्हती, रोज आपला कचरा हाताळणाऱ्या बाईला ती कुणी दिलीच नाही याचं मला फार वाईट वाटलं. तीपण आज सुरू केली.

ए-१०४: वाईट झालं. पण आमचे आईवडील त्याच डॉक्टरांकडे जातात, रात्री अकरालाही फोन उचलतात बिचारे. पुरावा नसताना ग्रुपवर त्यांचं नाव नको.

बी-४०२: काका नाव कुणीच घेत नाहीये, आणि माणूस चांगला आहे हे मलाही मान्य, नातवाला मी तिथेच नेते. सिरिंज त्यांचीच असं मी म्हणणार नाही. आपल्या बिल्डिंगमध्ये इन्सुलिन घेणारे कितीतरी जण आहेत आणि त्या सुया कुठे जातात ते सगळ्यांना माहितीये. पण मावशी म्हणतात ती ५ एमएलची मोठी सिरिंज होती, घरात इन्सुलिनला तेवढी लागत नाही. म्हणून जाऊन विचारायला हवं. नीट, शांतपणे.

ए-२०२: पण यांची तपासणी कुणीतरी करतच असेल ना? हॉटेलांची होते तशी?

बी-४०२: इथेच सगळ्यांचा गैरसमज आहे. आपल्याकडे १९४९ चा नर्सिंग होमचा कायदा आहे, त्यात महापालिका नोंदणी देते, दर ३ वर्षांनी नूतनीकरण, २०२१ मध्ये नियम सुधारले तेव्हापासून रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक भिंतीवर लावायचं. पण तो कायदा पेशंट ठेवून घेऊन शुश्रूषा करतात त्या जागांसाठी. नुसती ओपीडी असेल तर ती नोंदणी लागत नाही. केंद्राचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा दवाखान्यांनाही लागू होतो पण तो महाराष्ट्राने घेतलेलाच नाही. म्हणजे कोपऱ्यावरच्या साध्या दवाखान्यात जाऊन सुरक्षित आहे का नाही हे ठरावीक काळाने बघणारा कुणी नाही. आणि आपल्या इथे आत दोन कॉट आहेत, सलाईन लावतात, दुपारभर पेशंट झोपवून ठेवतात, मग ही ओपीडी का नर्सिंग होम हे महापालिकेच्या आरोग्य विभागालाच विचारावं लागेल.

सी-५०३: आमची मुलगी लेस्टरला असते, तिकडे वेगळंच आहे. केअर क्वालिटी कमिशन म्हणून सरकारी संस्था आहे इंग्लंडची, २००९ पासून, ते जीपीच्या म्हणजे तिकडच्या फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्यात जाऊन तपासतात आणि रिपोर्ट सगळ्यांना वाचायला खुला. सुरक्षित आहे का, उपचार परिणामकारक आहेत का, वागणूक कशी, गरजेला धावतात का, कारभार नीट आहे का असे पाच प्रश्न आणि त्यावर चारातली एक श्रेणी, अगदी उत्कृष्टपासून असमाधानकारकपर्यंत. ती श्रेणी दवाखान्यात दिसेल अशी लावायची सक्ती आहे, २०१५ पासून. लसींच्या फ्रिजचं तापमान लिहून ठेवतात का इथपासून बघतात. मुलीला संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट नावाचं औषध चालू आहे तर अशा औषधांवरच्या पेशंटच्या रक्ततपासण्या वेळेवर होतात का तेपण कॉम्प्युटरवर काढून बघतात म्हणे.

ए-१०४: तिकडचं सगळं चांगलंच हो.

सी-५०३: नाही काका, तसं नाही म्हणणार. २०२४ मध्ये त्या कमिशनवरच तिथे केवढी टीका झाली, खुद्द आरोग्यमंत्री म्हणाले ही संस्था कामाच्या लायकीची उरलेली नाही, कित्येक ठिकाणी वर्षानुवर्षं तपासणीच झाली नव्हती. पण निदान कुठे बघायचं ते लोकांना माहिती असतं. आपल्याला तेवढंही नाही.

बी-३०१: पण आपण कोण डॉक्टरांना विचारणार? चिडले तर?

बी-४०२: चिडायचं कारण काय. रजिस्ट्रेशन नंबर दवाखान्यात लावायचा आणि प्रिस्क्रिप्शनवर, पावतीवर छापायचा हा मेडिकल कौन्सिलचा २००२ पासूनचा नियम आहे. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या साइटवर नाव टाकून बघता येतं, दर ५ वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. आयुर्वेदवाल्यांची आणि होमिओपॅथीवाल्यांची कौन्सिल वेगळी, त्यामुळे एमएमसीत नाव नाही म्हणजे लगेच बोगस असं करू नका, आधी पाटीवरची डिग्री वाचा.

आता इंजेक्शनचं सांगते कारण सगळ्यात जास्त धोका तिथे आहे. सिरिंजचं पाकीट आपल्यासमोर फाडलं पाहिजे. ट्रेमध्ये आधीच भरून ठेवलेली सिरिंज कधीही टोचून घेऊ नका, कितीही गर्दी असली तरी. एकाच बाटलीतून अनेकांना औषध देतात तिच्यावर उघडल्याची तारीख लिहिलेली असावी आणि बुचात सुई तशीच खुपसून ठेवलेली नसावी. उत्तर प्रदेशात उन्नावजवळ बांगरमऊला २०१८ मध्ये उघडकीस आलं, सायकलवर फिरून स्वस्तात इंजेक्शन देणारा माणूस, तीच सुई सगळ्यांना, कितीतरी लोकांना एचआयव्ही. पाकिस्तानात रतोदेरोला २०१९ मध्ये शेकडो लहान मुलं. त्या आयांनी साध्या तापासाठी नेलं होतं हो पोरांना.

टोचून झालं की सुई परत टोपणात घालायची नाही, तिथल्या तिथे कटरने तोडायची आणि पांढऱ्या, सुई आरपार जाणार नाही अशा डब्यात टाकायची. सिरिंजचं प्लास्टिक, सलाईनच्या नळ्या, ग्लोव्ह्ज लाल पिशवीत, रक्ताचा कापूस पिवळ्यात, काचेच्या बाटल्या निळ्या खोक्यात. २०१६ चे नियम आहेत, कॉट एक असो नाहीतर शून्य, प्रत्येक दवाखान्याला लागू. प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी लागते आणि कचरा न्यायला अधिकृत गाडी लावावी लागते, ४८ तासांच्या वर साठवायचा नाही. मी त्यांच्याकडे दोनच कागद मागणार, ती परवानगी आणि गाडीवाल्याच्या पावत्या. पावत्या असतील तर प्रश्नच मिटला.

ए-२०२: घरच्या इन्सुलिनच्या सुयांचं काय करायचं मग?

बी-४०२: जाड प्लास्टिकचा डबा, शाम्पूची बाटली चालेल, भरली की झाकण चिकटपट्टीने बंद करून वर "सुया" लिहायचं आणि मावशींच्या हातात वेगळी द्यायची, सांगून. पिशवीत सुटी नाही.

सी-२०१: मी फायरचं बघतो तसं सांगतो, माझं कामच ते आहे. आपल्याकडे २०२१ मध्येच भंडाऱ्याला हॉस्पिटलच्या आगीत १० नवजात बाळं गेली, मग विरारला आयसीयूला आग, मग नगरला. दवाखाना छोटा असला तरी सलाईन लावलेला म्हातारा माणूस पळू शकत नाही. काल मी मागून बघितलं, त्यांचं मागचं दार आपल्या पार्किंगमध्ये उघडतं आणि त्याला टेकून तीन टू व्हीलर लावलेल्या असतात. दार वीतभरसुद्धा उघडत नाही. यात डॉक्टरांची काही चूक नाही, गाड्या आपल्याच आहेत. ऑक्सिजन सिलिंडरपण साखळीने बांधलेला नाही, उभाच ठेवलाय.

सेक्रेटरी: डॉक्टरांशी आत्ता बोललो. शांतपणे ऐकून घेतलं त्यांनी. म्हणाले कचऱ्याची गाडी लावलेली आहे पण गेल्या महिन्यात ठेवलेला नवीन पोऱ्या काय करतो ते बघावं लागेल, शनिवारी दुपारी १ नंतर ओपीडी संपली की या, कागद काढून ठेवतो. मावशींच्या लसीचा आणि तपासण्यांचा खर्च पण देतो म्हणाले, मी म्हटलं सोसायटी देतेय, ते नंतर बघू.

ए-१०४: मी पण येतो शनिवारी. आईची प्रिस्क्रिप्शन आत्ता काढून बघितली, रजिस्ट्रेशन नंबर छापलेला आहे पण औषधाची नावं काही वाचता येत नाहीत.

बी-४०२: काका या नक्की. नावं कॅपिटलमध्ये लिहा म्हणून सांगू त्यांना, शक्यतो तसंच लिहावं असा नियम पण आहे आणि केमिस्टचा गोंधळ वाचतो. अजून एक विचारायचंय, इंजेक्शननंतर कुणाला जोरात रिॲक्शन आली तर ॲड्रेनलिन हाताशी ठेवलंय का आणि त्याची एक्स्पायरी काय. लस किंवा इंजेक्शन घेतल्यावर अर्धा तास तिथेच बसायला हवं, आपणच घाई करून उठतो.

सेक्रेटरी: ठरलं. सी-२०१, सिलिंडरचं आणि दाराचं तुम्ही दाखवा. महापालिकेला कॉटबद्दल विचारायचं पत्र मी सोमवारी देतो, डॉक्टरांना सांगूनच. मागच्या दाराला लागणाऱ्या तिन्ही गाड्या ए विंगच्या आहेत, मालकांना पर्सनल मेसेज केलाय. शुक्रवारी रात्रीपर्यंत हलवा, तिथे पिवळे पट्टे मारून घेतोय.