नीरोच्या सुवर्णनाण्यांवर त्याच्या आईचा चेहरा

प्रश्न
इ.स. 54 च्या ऑक्टोबरात नीरो रोमचा सम्राट झाला, तेव्हा त्याला सतरावे वर्ष चालू होते. त्याच वर्षी पाडलेल्या ऑरियस या सुवर्णनाण्यावर तो आणि त्याची आई अग्रिपिना सारख्याच आकारात, अगदी समोरासमोर दिसतात. हयात असलेल्या स्त्रीला नाण्यावर सम्राटाच्या बरोबरीचे स्थान मिळणे ही रोमची रूढ पद्धत होती का? की यावरून तिच्या प्रत्यक्ष सत्तेचा अंदाज बांधता येतो?

प्रतिसाद १
रूढ पद्धत मुळीच नव्हती. नीरोच्या आधीचा सम्राट क्लॉडियस याचा चेहरा असलेल्या नाण्यांवर अग्रिपिना आली होती, पण मागच्या बाजूला. इथे ती दर्शनी बाजूवर आहेच, शिवाय चेहऱ्यांभोवतीचा लेखही तिचाच आहे: दैवी क्लॉडियसची पत्नी, नीरो सीझरची माता. खुद्द सम्राटाचे नाव आणि बिरुदे मागच्या बाजूला, ओकच्या पानांच्या माळेभोवती कोरलेली आहेत. या नाण्याशेजारी इ.स. 55 चे नाणे ठेवून अवश्य पाहावे. तिथे दोघेही एकाच दिशेला पाहतात, नीरो पुढे आणि आई त्याच्या आड अर्धवट झाकलेली. दर्शनी लेख आता नीरोचा आहे आणि तिचा लेख मागे, हत्तींच्या रथाभोवती गेला आहे. त्यानंतर लवकरच सुवर्णनाण्यांवर नीरो एकटाच उरतो. तिची हत्या इ.स. 59 मध्ये झाली, म्हणजे नाण्यांवरून ती त्याच्या कितीतरी आधी हटली होती.

प्रतिसाद २
हे नाणे कोणाच्या हाती पडत असे, हेही पाहायला हवे. एक ऑरियस म्हणजे 25 दिनार (रोमची चांदीची नाणी), आणि साध्या सैनिकाचे वर्षाचे वेतन त्या काळी 225 दिनार, म्हणजे अवघे नऊ ऑरियस. त्यामुळे हा संदेश प्रामुख्याने सधन आणि अधिकारी वर्गापर्यंतच पोहोचत असणार.

प्रतिसाद ३
माझ्या मते नाण्यावरून सत्तेपेक्षा सत्तेवरचा दावा अधिक खात्रीने वाचता येतो. इथे मात्र रोमन इतिहासकार टॅसिटसचा आधार मिळतो. राज्यारोहणानंतर नीरोने पहारेकऱ्यांना ‘सर्वोत्तम माता’ हा परवलीचा शब्द दिला, असे तो सांगतो. पुढे आर्मेनियाच्या राजदूतांसमोर अग्रिपिना सम्राटाच्या आसनावर त्याच्या शेजारी बसायला निघाली, तेव्हा नीरोचा गुरू आणि सल्लागार सेनेका याने त्याला खाली उतरून आईला सामोरे जायला सुचवले आणि पुत्रधर्माच्या आडोशाने तो प्रसंग निभावून नेला. इ.स. 55 च्या नाण्यात आई मागे का सरली, याचे उत्तर मी दरबारातल्या याच ओढाताणीत शोधेन.